अंगावरचे वळ

शकुनबाईने नातीला जावयाच्या अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि तिची सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढली. पोरीच्या पिंढऱ्यांवर काळेनिळे डाग होते. काही जुने, पिवळे पडत चाललेले, काही अगदी ताजे. कुंपणापाशी जमलेल्या बायकांनी माना लांब केल्या.

"पाहून घ्या सगळ्यायनं," शकुनबाई म्हणाली. "माही सरिता गेली, अन् तिची पोर ह्या बाईच्या हाती लागली."

ज्योत्सना मासे साफ करत होती, ती तशीच ओल्या हातांनी उभी राहिली. पोरीच्या बापाची, मिथुनची, ती दुसरी बायको. पहिली, शकुनबाईची लेक सरिता, दुसऱ्या बाळंतपणात बाळासकट गेली, तेव्हा तिची पोर रश्मी चार वर्षांची होती. लग्न होऊन ज्योत्सना कोंढ्याला आली त्याला आता वर्ष होत आलं होतं. रश्मीवर तिने कधी हात उगारला नव्हता. पण डाग तिला आधीच दिसले होते. मिथुनला तिने दाखवले, तर पोरं पडतातच म्हणून तो जाळं खांद्यावर टाकून तलावावर निघून गेला. मग तिने हळद लावली, आणि लोक काय म्हणतील या भीतीने पोरीला पायभर कपडे घालायला लागली. आता तेच तिच्या अंगावर आलं होतं. मारत नव्हती तर झाकत काहून होती, असं कुंपणापलीकडून कोणीतरी विचारलं. आंघोळ घालताना आपणच दंड जोरात धरला असेल का, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

शकुनबाई तिथेच थांबली नाही. ती पवनीला पोलिसांत गेली. पोलिसांनी आधी पोरीची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं आणि सोबत एक महिला शिपाई दिली. दवाखान्यात शकुनबाई रश्मीला घेऊन आत बसली. ज्योत्सनाला दाराशी उभं केलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी पिंढऱ्या पाहिल्या. मग जिथे कोणी मारत नाही अशा जागा पाहिल्या. पोटावर सुई टोचल्यासारखे बारीक लाल ठिपके होते. हिरड्यांतून रक्त येत होतं. डोळ्याची खालची पापणी ओढली, तर आत पांढरंफटक. मानेत गाठी लागत होत्या. पोरीला आंघोळ कोण घालतं, असं त्यांनी विचारलं.

"मी," ज्योत्सना दारातून म्हणाली.

ताप कधीपासून आहे, पाय दुखतात म्हणून रडते का, जेवण कमी झालं का, असं बाई विचारत गेल्या आणि ज्योत्सना सांगत गेली. शकुनबाई मध्येच म्हणाली की हिनंच केलं, म्हणून हिले सगळं माहीत आहे.

रक्त तपासून आलं तेव्हा बाईंनी दोघींनाही समोर बसवलं. हे मारल्याचे वळ नव्हेत, त्या म्हणाल्या. रक्त थांबवणाऱ्या पेशीच अंगात उरल्या नाहीत, म्हणून नुसता धक्का लागला तरी डाग पडतो. रक्ताचा कॅन्सर वाटतो. लहान मुलांत हाच जास्त दिसतो आणि औषध पुरं घेतलं तर बहुतेक मुलं बरी होतात. पण नागपूरला आजच निघायला हवं.

महिला शिपाईने तक्रार मिटवली. शकुनबाईने मिटवली नाही. दवाखान्याच्या पायरीवरच ती म्हणाली, "मारून मारून पोरीचं रक्त नासवलं हिनं."

नागपूरला कमरेच्या हाडातून सुईने मगज काढून तपासला आणि रोग पक्का झाला. पहिला महिनाभर ज्योत्सना वॉर्डातून हलली नाही. औषधांनी रश्मीचा चेहरा सुजला, केस उशीवर गळून पडले. महिन्याअखेरीस डॉक्टरांनी सांगितलं, हाडातल्या मगजात आता रोग दिसत नाही. पण औषध दोन वर्षांच्या वर चालेल, मध्ये सोडलं तर रोग उलटेल. आणि ताप आला तर घरी थांबायचं नाही, अंगात लढायची ताकद उरलेली नाही.

पोरीला घरी आणलं, तर गावात कोणी विचारपूस केली नाही. नळावर ज्योत्सना गेली की बायका पाण्याचे गुंड उचलून बाजूला होत. एक सवत खाल्ली, आता तिची पोर खाते, असं तिला ऐकू जाईल इतपत बोलत.

एक दिवस ती पवनीच्या बाजारात मासे विकून आली, तर रश्मी घरी नव्हती. शकुनबाई येऊन आंधळगावला घेऊन गेली होती. मिथुनने जाऊ दिलं होतं. चार दिवसांनी आणून देतो म्हणाल्या, एवढंच तो बोलला.  ज्योत्सनाने गोळ्या पिशवीत घातल्या आणि सकाळच्या गाडीने निघाली.

आंधळगावात शकुनबाईचा मुलगा परसराम दारात आडवा उभा राहिला. या घरात पाय ठेवायचा नाही, असं त्याने बजावलं.

"नाही ठेवत," ज्योत्सना म्हणाली. "गोळी तेवढी द्या तिले. रोजची आहे."

शकुनबाईने आतून येऊन गोळ्यांचं पाकीट तिच्या हातातून हिसकलं आणि रस्त्यावर फेकलं. "पोर चांगली झाली आता. केस नेले, तोंड सुजवलं, अजून काय पाहिजे तुले?"

ज्योत्सनाने पाकीट उचललं, पदराला पुसलं आणि समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. दिवसभर बसली. जाणारे-येणारे थांबून पाहत, हीच का ती म्हणून विचारत. दुपारी परसरामने उठून जा म्हणून दोनदा दटावलं. पाणी कोणी दिलं नाही, तिनेही मागितलं नाही.

ऊन उतरल्यावर शकुनबाई बाहेर आली. तिच्याकडे न बघताच म्हणाली, "अंग गरम लागून राहिलं पोरीचं."

ज्योत्सना उठली आणि कोणाला न विचारता घरात शिरली. रश्मीच्या कपाळाला हात लावताच तिने परसरामला गाडी आणायला सांगितलं, आणि तो निमूट गेला. नागपूरपर्यंत पोर दोघींच्या मांडीवर आडवी होती. डोकं एकीच्या, पाय दुसरीच्या.

रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. रश्मीला वेगळ्या खोलीत ठेवायचं ठरलं. आत एकाच माणसाला राहता येईल, कोण राहतं, नर्सने विचारलं. शकुनबाईचा हात अजून पोरीच्या पायावर होता. तिने तो काढून घेतला.

"तिले जाऊ द्या," ती म्हणाली. "पोरीले तिची सवय आहे."

ज्योत्सनाने तिच्याकडे पाहिलं. "आजी, तुमी जेवून घ्या," ती म्हणाली.

"तू मले सांगू नको," शकुनबाई म्हणाली आणि तोंड फिरवलं.

रश्मी त्या तापातून उठली. पुढची औषधंही पुरी झाली आणि आज ती दोन वेण्या घालून शाळेत जाते. शकुनबाईने माफी कधी मागितली नाही. कोंढ्यात तर नव्या सुनांना अजूनही ज्योत्सनाने पोरीला मारल्याचीच गोष्ट सांगितली जाते.

पण त्या संध्याकाळी, सलाईन लागल्यावर, ज्योत्सनाने खोलीच्या काचेतून बाहेर पाहिलं. चपला दाराबाहेर काढाव्या लागत, आणि तिथे आल्यागेल्यांच्या चपलांचा ढीग पडला होता. शकुनबाईने त्यातून ज्योत्सनाच्या चपला शोधून काढल्या होत्या. भिंतीला टेकून ती जमिनीवर बसली होती, तोंड दुसरीकडे करून. चपला तिने आपल्या पिशवीशेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या आणि कोणाच्या पायाखाली जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर हात ठेवला होता.