निपाणीहून दिसलेले मृगयान

“भावकूअण्णा, ह्या कोंबड्याचं अर्धं तिकीट काढाय लागतंय बघा.”

निपाणीच्या बसस्थानकात बेळगावची गाडी सुटण्याच्या बेतात होती. दारात उभा राहून वाहक नागेंद्र भावकूच्या हातांतील वस्तू न्याहाळत होता. जुन्या धोतरात गुंडाळलेल्या त्या वस्तूची लांब, रुपेरी मान तेवढी बाहेर डोकावत होती.

“कोंबडं न्हवं, यान हाय,” भावकू शांतपणे म्हणाला.

“मान हाय, पंख हाईत, मागं पाय बी सोडल्यात. अंडी घालत न्हाय म्हणून यान म्हणायचं व्हय?”

गाडीतली माणसे हसली. भावकूही हसला आणि खिडकीजवळची जागा धरून त्याने ती वस्तू मांडीवर घेतली, पाहुण्याचे तान्हे मूल घ्यावे तशी.

नळाला पाणी सोडणारा माणूस म्हणून निपाणी त्याला ओळखत असे. पहाटे लोखंडी किल्ली खांद्यावर टाकून तो गल्लोगल्ली हिंडे, जमिनीतला व्हॉल्व्ह फिरवी, आणि दूरच्या दारातून ‘आलं, आलं’ अशी हाक आली की पुढच्या गल्लीकडे वळे. या पलीकडे त्याचे एक अंतरीचे विश्व होते, ते अंतराळातले. परग्रहांच्या, यंत्रमानवांच्या, काळाच्या उलट्या प्रवाहात शिरणाऱ्या वीरांच्या चित्रकथा त्याने आयुष्यभर जमवल्या. मराठीत मिळाल्या तर मराठीत, नाहीतर हिंदीत, नाहीतर कानडीत. दूरदर्शनवरच्या परग्रहांच्या मालिकांची नावे तो स्तोत्र म्हणावे तशी म्हणून दाखवी. परंतु या साऱ्या देवघरातली मुख्य मूर्ती एकच होती: त्याच्या बालपणी लागलेली ‘मृगयान’ ही मराठी मालिका.

त्या काळी त्यांच्या गल्लीत दूरचित्रवाणीवर संध्याकाळी कानडी कार्यक्रम लागत. ‘मृगयान’ बघायचे तर कोल्हापूरच्या प्रक्षेपणाची वाट धरावी लागे. त्यासाठी बांबूच्या उंच कळकाला अँटेना बांधून ती उत्तरेकडे वळवायची आणि निपाणीच्या माळावरचा वारा ती पुन्हा फिरवू नये म्हणून कुणीतरी कौलांवर बसून कळक धरून ठेवायचा. आईवडील तंबाखूच्या वखारीतून परतलेले नसत. घरी दोघेच, भावकू आणि त्याची थोरली बहीण मनुबाई. मुलीच्या जातीने कौलांवर चढू नये ही आईची सक्त ताकीद. म्हणून भावकू वर आणि आक्का खाली, अशी वाटणी आपसूक ठरली.

“आलं काय गं?” तो वरून विचारी.

“आलं, आलं. हालू नगंस,” आक्का खालून ओरडे.

आवाज कौलांच्या फटींतून स्वच्छ ऐकू येई. नायकाची आज्ञा, इंजिनाची घरघर, परग्रहावरच्या वाऱ्याचे गाणे, सारे त्याला मुखोद्गत झाले. मालिका संपली की तो कळक सोडून खाली धावे, आणि तोवर पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या उसळत असत. त्याने हात सोडला होता, तेव्हा चित्र जायचेच. मग ओसरीवर बसून आक्का त्याला पाहिलेले सांगे.

“यान कसं हुतं गं?”

“तळ्यावरचा बगळा बघितलायस न्हवं? तसं. लांब मान. पंख पसरलेलं. उडताना पाय मागं सोडतंय.”

देवतेची मूर्ती समोर नसली तरी ध्यानश्लोक ऐकून साधकाने तिचे रूप मनात उभे करावे, तसे भावकूने ते यान उभे केले. पुढे मालिका संपली, ती पुन्हा कधी लागली नाही, तिचे छायाचित्रही कुठे छापून आल्याचे त्याच्या पाहण्यात आले नाही. नवऱ्याच्या मागे आक्का माहेरी परतली. घरात पुन्हा दोघेच राहू लागले. अँटेना निकामी झाली तेव्हा भावकूने तिच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या जपून ठेवल्या आणि सवडीने, वाकवून, घासून त्यांचे मृगयान घडवले. डोळ्यांनी न पाहिलेल्या गोष्टीची इतकी नेमकी प्रतिकृती कुणी क्वचितच केली असेल.

आता बेळगावात, अनगोळच्या एका सभागृहात, विज्ञानकथा आणि चित्रकथांच्या चाहत्यांचे संमेलन भरणार होते. तिथे ‘मृगयान’चा एक भाग दाखवणार होते आणि हौशी माणसांनी केलेली याने मांडणार होते. ज्याच्यासाठी बालपणी कळक धरला ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि आपले यान त्याच्या शेजारी ठेवून बघावे, एवढीच भावकूची आस होती.

सकाळी निघताना आक्का मात्र कुरकुरली होती.

“तू बघून ये. यान हितंच ऱ्हाऊ दे. लोकं हसतील.”

“हसंनात. तूच सांगितलंस तसं केलंय की.”

यावर ती चुलीतले लाकूड उगाच पुढेमागे करीत राहिली होती.

सभागृहात थर्माकोलचे चिलखत घातलेले यंत्रमानव उप्पीट खात होते. हिरवा रंग फासलेला एक परग्रहवासी आईशी फोनवर कानडीत बोलत होता. आपल्याच कुळातली माणसे इतक्या वर्षांनी एका छताखाली पाहून भावकूचा जीव सुखावला. संमेलनाची व्यवस्था पाहणारी स्वराली नावाची तरुणी पुढे आली. यान पाहून ती थबकली.

“किती सुंदर. कुठल्या मालिकेतलं, अण्णा?”

“मृगयान.”

“मृगयान?” तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिले, मग यानाचे आणि त्याचे नाव पाटीवर लिहून ती यानापुढे ठेवली.

दिवे मंद झाले. एका संग्राहकाच्या जुन्या फितीवरून उतरवलेला तो भाग सुरू झाला. पहिल्या वाक्यापासून भावकूचे ओठ हलू लागले. नायकाने आज्ञा द्यायच्या आधी ती त्याच्या ओठांवर येई. शेजारच्या यंत्रमानवाने कौतुकाने त्याच्याकडे मान वळवली. मग तो प्रसंग आला. इंजिनाची घरघर उठली, भावकू खुर्चीच्या कडेला सरकला, आणि पडद्यावर यान आले.

एकावर एक पालथ्या घातलेल्या दोन परातींसारखे ते होते. मान नव्हती, पंख नव्हते, पाय नव्हते. वरच्या दोऱ्याला ते किंचित हेलकावत होते. सभागृहात मायेचे हसू पसरले.

भावकू हसला नाही. त्याला कौलांचा खरखरीत स्पर्श आठवला, ‘हालू नगंस’ ही हाक आठवली. मुंग्या तो खाली आल्यावर येत नव्हत्या. त्या पहिल्यापासून, प्रत्येक संध्याकाळी, तिथेच होत्या. मुंग्यांनी भरलेल्या त्या पेटीपुढे एक मुलगी मांडी घालून बसली होती. वाऱ्यात कळक धरून बसलेल्या भावाचे श्रम वाया गेले असे त्याला कळू नये, म्हणून ती तळ्यावरचे बगळे आठवत होती.

दिवे लागले तशी स्वराली त्याच्याजवळ आली.

“अण्णा, काहीतरी गल्लत झाली असेल. दुसऱ्या मालिकेचं नाव घालू का पाटीवर?”

“नको. मृगयानच हाय,” भावकू म्हणाला. “निपाणीला असंच दिसत हुतं. तेवढं ‘निपाणीहून दिसलेलं’ म्हणून लिवा. आन् माझ्या नावाखाली मनुबाई लिवा.”

“त्या कोण?”

“माझी आक्का. तिनं बघितलं, मी धरलं.”

स्वरालीने नवी पाटी लिहिली. संमेलन संपेपर्यंत त्या बगळ्यापाशी माणसे थांबत, पाटी वाचत, आणि पुन्हा एकदा यानाकडे पाहत.

परतीच्या गाडीत नागेंद्र नव्हता. कोंबड्याचे तिकीट कुणी मागितले नाही.

निपाणीला तो उतरला तेव्हा उन्हे कलली होती. आक्का अंगणात वाळवणाची चादर झाडत होती. त्याला पाहून तिने चादर झाडायची थांबवली नाही, किंबहुना जरा जोरानेच झाडू लागली.

“दावलं काय रं?” तिने विचारले.

“दावलं.”

“कसं हुतं?”

भावकूने यान ओसरीवर ठेवले, पायांतल्या वहाणा काढल्या, तांब्यातले पाणी पायांवर घेतले.

“चित्र काय आलं न्हाय आक्का. नुसत्या मुंग्या.”

चादर तिच्या हातांत थांबली. तिने त्याच्याकडे पाहिले, मग वर, कौलांकडे पाहिले. तिथे आता कळक नव्हता. ज्या फटीतून कळक वर गेलेला असे, तिथे मागाहून बसवलेले कौल तेवढे निराळ्या रंगाचे होते.

“वर धरायला कुणी नसंल,” ती म्हणाली.

“व्हय,” भावकू म्हणाला.

तिने चादरीची घडी घातली, ओसरीवर आली, आणि यानाच्या पंखांवर बसलेली वाटेतली धूळ पदराने पुसू लागली. आधी एक पंख, मग दुसरा, मग ती लांब मान.