कुंडीखालची ताटली

मी कुंडीखालची ताटली बोलतेय. आवाज खालून आला म्हणून दचकू नका, माझी जागाच खालची.

भट्टीतून निघालो तेव्हा आम्ही सहा बहिणी, काठावर निळी रेघ असलेल्या. एक दिवस माझा टवका उडाला आणि मी जेवणाच्या टेबलावरून थेट गॅलरीत, लिंबाच्या कुंडीखाली आले.

ते लिंबू घरच्या बाईंनी बी पेरून वाढवलेलं. पाणी घालायचं काम त्यांच्या नवऱ्याचं. ते शिंपी. उभ्या जन्मात चिंधी टाकली नाही, ते पाणी काय टाकणार? बोअरचं पाणी ओतायचे, ते मातीतून पाझरून माझ्यात जमलं की मला उचलून परत कुंडीतच रिकामी करायचे. "पी राजा," म्हणायचे लिंबाला.

हळूहळू राजाच्या पानांचे शेंडे करपले. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीवर पांढरी खपली धरली. तहानलंय बिचारं, म्हणून शिंपीबुवा आणखी पाणी घालू लागले. बोअरच्या पाण्यातले क्षार मातीत इतके साठले होते, की मुळांना पाणी ओढता येईना. मातीत लोह होतं, तेही घेता येईना, म्हणून पानं पिवळी. पायाशी पाणी आणि घशाला कोरड. मला सगळं कळत होतं, पण ताटलीचं ऐकतो कोण?

बाई म्हणाल्या, उपटून टाकू. ते म्हणाले, लेकीकडे जाऊन येऊ, मग बघू.

परतले तेव्हा मी कोरडी पडले होते, तळाशी पांढरा थर घेऊन. बाईंनी तो नखाने खरवडला आणि जिभेला लावला.

"अहो, चाखा जरा."

शिंपीबुवांचं तोंड वाकडं झालं. "खारट. कडूही आहे."

"मातीतला खार धुऊन खाली येतो, आणि तुम्ही तो रोज परत वर चढवता. लाडानं मारताय त्याला."

 मग ते पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी आणून सावकाश ओतत राहिले. मी काठोकाठ भरले. सवयीने हात मला कुंडीकडे नेऊ लागला, आणि थबकला.

"टाकू?"

"टाका हो. एवढं तरी वाया जाऊ द्या."

पिंप रिकामं होईपर्यंत कितीदा भरले आणि कितीदा सांडले, आठवत नाही. आता शेंड्याला दोन कोवळी पानं आली आहेत. उपटायचं नाव बाई काढत नाहीत.

तुमच्याही कुंडीखाली माझी एखादी बहीण असेल. तिला रिकामी करत जा, पण मोरीत. आमचे शिंपीबुवा रोज करतात. ओतताना मान तेवढी दुसरीकडे वळवतात.