मीठ अगदी बरोबर

आई गेल्यापासून बाबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेजारून डबे यायचे. बाबा झाकण उघडायचे, वास घ्यायचे आणि झाकण परत लावून टाकायचे. थोरल्या लेकीला उद्या तिच्या घरी, तिच्या कामावर परतायचं होतं. त्याआधी बाबांना एकदा पोटभर जेवलेलं बघावं, एवढंच तिच्या मनात होतं.

म्हणून तिने आईचा हुकमी पदार्थ करायला घेतला. अननस घालून परतलेलं पोर्क. घरात त्याला सगळे नुसतं 'आंबटगोड' म्हणत.

मावशी टेबलाशी लसूण सोलत होती. आईची धाकटी बहीण. जिभेला हाड नाही म्हणून नातेवाइकांत प्रसिद्ध.

"एवढी मोठी कढई? पलटण जेवायला यायचीय का?"

"कढईत गर्दी केली की मांस रडतं, मावशी. भाजत नाही."

"हे ताईचं वाक्य," मावशी म्हणाली आणि बराच वेळ एकच पाकळी सोलत राहिली.

थोरलीने मांसाच्या पातळ पट्ट्या थोड्या थोड्या करून भाजल्या, कडा तांबूस झाल्या की बाजूला काढल्या. त्याच तेलात आलं, लसूण, ढोबळी मिरची. मग व्हिनेगर, साखर, बेताचा सोया सॉस. अननस सगळ्यात शेवटी. फळाला नुसता चटका द्यायचा, शिजवायचं नाही. पळीतला थेंब तिने तळहातावर घेऊन चाखला. शाळेतून आल्यावर दारातच भूक खवळायची ती हीच चव. तिला हायसं वाटलं.

बाबा येऊन बसले. बसण्याआधी त्यांनी पाण्याची मोठी बाटली भरून ताटाशेजारी ठेवली. एक घास खाल्ला.

"छान झालंय."

दुसरा घास तोंडात बराच वेळ घोळला. मग चमचा खाली.

"काय कमी पडलं, बाबा? मीठ?"

"नाही गं. बरोबरच असेल."

"बरोबर असतं तर चमचा कशाला ठेवला असता?" मावशी म्हणाली. "भाऊजी, सांगा आता तिला. नाहीतर पोरगी उद्या स्वतःलाच बोल लावत जाईल."

बाबांनी नॅपकीनची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

"औषधांनी तुझ्या आईची चव गेली होती. पार गेली. सोया सॉस ती रंग बघून ओतायची. मग वर साखर, अंदाजाने. मला विचारायची, कसं झालंय? मी म्हणायचो, अगदी बरोबर."

"आणि खायचात?"

"खायचे कसले, बोटं चाटायचे!" मावशी म्हणाली. "मी एकदा खाल्लं तर समुद्र प्यायल्यासारखं झालं. नाटकात जायला हवं होतं यांनी."

कितीतरी दिवसांनी बाबांच्या ओठांचा कोपरा हलला.

"एकदा तोंड वाकडं केलं असतं, तर तिने पळी खाली ठेवली असती. मग तिच्याकडे उरलं काय असतं?" ते ताटाकडे बघत म्हणाले. "तू केलंस ते तिचंच आहे, पोरी. पण फार जुनं. मला तिच्या शेवटी शेवटीच्या हातचं हवंय."

थोरलीने तिघांच्या ताटांतलं आंबटगोड परत कढईत ओतलं. गॅस पेटवला, सोया सॉस ओतला आणि बाबांच्या तळहातावर थेंब ठेवला.

"अजून."

तिने ओतला. वर साखर टाकली.

"अजून थोडा."

मांस काळंकुट्ट दिसायला लागलं.

"हं. आता."

ते जेवू लागले. मान खाली घालून, भराभर, भात कालवून. थोरलीने घास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं; आधी मिठानेच आलं. बाबांनी अर्धी बाटली रिकामी केली.

"ही बाटली तुम्ही रोज भरून ठेवता?"

"मी कुठला? ती ठेवायची. मी बसायच्या आत, न चुकता. आता ती नाही, म्हणून मी भरतो."

मावशीचा घास हातातच राहिला. तिने थोरलीकडे पाहिलं. आईने बाबांना घोटाघोटाने पाणी पिताना पाहिलं होतं, तोंडाने 'अगदी बरोबर' म्हणतानाही ऐकलं होतं. तिला सगळं ठाऊक होतं. ती काही न बोलता बाटली भरून ठेवत होती, आणि बाबांना ते अजूनही उमगलं नव्हतं.

मावशीने तोंड उघडलं. थोरलीने टेबलाखाली तिचा गुडघा दाबला. तोंड मिटलं.

बाबांनी ताट पुसून घेतलं आणि वर पाहिलं.

"तू सांग की. कसं झालंय?"

थोरलीने दुसरा घास घेतला, चावला, गिळला.

"अगदी बरोबर," ती म्हणाली, आणि बाटलीकडे हात नेला नाही.