मगरीचा दात

दुसरीच्या वर्गाच्या बाईंनी शाळा सुरू झाल्यावर एक मोठं खोकं गोष्टींच्या पुस्तकांनी भरून वर्गात ठेवलं आणि मुलांना सांगितलं, "दर सोमवारी यातलं एक पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं आणि शुक्रवारी परत आणायचं." मुलांनी पुस्तकं आनंदानं नेली आणि तितक्याच आनंदानं परत आणली. जशी गेली तशीच आली. कुठल्या पानाला मुडप नाही की बोटाचा डाग नाही.

"वाचलीत का रे?"

"हो बाई!" सगळा वर्ग एका सुरात.

"मग काय झालं गोष्टीत?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एकानं हिंमत केली. "बाई, शेवटी ते सगळे सुखानं राहू लागले."

त्यानं नेलेलं पुस्तक ट्रकचं चाक कसं बदलतात याचं होतं.

बाईंना हसू आवरेना, पण मनातून त्या खट्टू झाल्या. मुलांचा तरी काय दोष? घरची माणसं दमूनभागून येणार, पोराला कोपऱ्यात बसवून "वाच" म्हणणार आणि आपापल्या कामाला लागणार. सातव्या वर्षी कोपऱ्यात एकट्यानं कुणाला करमतं? बाईंनी रात्रभर विचार केला नाही. डबा खाता खाताच त्यांना सुचलं.

"आता घरी वाचायचं नाही," त्यांनी जाहीर केलं. मुलं खूश. "वाचून दाखवायचं. कुणालाही. आईला, भावाला, पाळण्यातल्या बाळाला. कुणीच नसेल तर मांजराला. पण समोर ऐकणारा हवा."

त्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे कुजबुज म्हणायचे. ती वाचायला उभी राहिली की ओठ हलायचे, आवाज मात्र वहीपर्यंतसुद्धा पोचायचा नाही. बाई "मोठ्यानं गं बाळा" म्हणायच्या, की ती आणखी हळू वाचायची. त्या सोमवारी तिनं मगरीच्या दातदुखीचं पुस्तक उचललं.

घरी ऐकायला मोकळं माणूस एकच होतं, आजोबा. आई एका दवाखान्यात कामाला होती, ती दिवेलागणीला यायची. आजोबांनी उभा जन्म पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात काढला होता आणि त्या ठणठणाटात त्यांचे कान गेले होते. अगदीच गेले नव्हते, पण हाक मारली तर ऐकू यायची नाही आणि ओरडलं तर अर्धी यायची.

"आजोबा, मी वाचून दाखवते."

"काय नाचून दाखवतेस?"

"वाचून! एका मगरीचा दात दुखत होता."

"मगरीचा हात?"

"दात!"

"मोठ्यानं बोल की. तोंडात गूळ धरल्यासारखं काय करतेस?"

वर्गात चाळीस जणांसमोर तिचा आवाज फुटत नसे, पण आजोबांची कसली भीती? तिनं श्वास भरून घेतला आणि ओरडली, "मगरीचा दात दुखत होता!"

"असं होय!" आजोबा पाय वर घेऊन ऐसपैस बसले. "पुढे?"

पुढचं सगळं तिनं त्याच पट्टीत वाचलं. मगर रडते, नदीला पूर येतो, हत्ती दात काढायला दोरी घेऊन येतो आणि स्वतःच पाण्यात पडतो. हत्ती पडला तेव्हा आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पुन्हा वाच, पुन्हा पाड त्याला," ते म्हणाले. तिनं हत्तीला पुन्हा पाडलं. अडलेला शब्द सोडून पुढे जायची सोय नव्हती, कारण आजोबा लगेच विचारायचे, "काय काय? काय म्हणालीस?" मग ती तो शब्द फोडून, जोडून, नीट उच्चारून सांगायची. रोज शाळेतून आलं की दप्तर फेकायचं आणि दोन पानं. आजोबा आधीपासूनच चष्मा पुसून तयार. ऐकायला चष्मा कशाला, हे तिनं विचारलं नाही.

गुरुवारी गोष्ट रंगात आली. कुणाचं काही चालेना, तेव्हा एक इवलासा पक्षी मगरीच्या तोंडात शिरला. आत आत गेला, दात चोचीत धरला, आणि नेमकी तेव्हाच मगरीला शिंक आली. "आऽऽक् छी!" कुजबुजनं अशी शिंक दिली की खिडकीवरचं कबूतर उडालं. "आणि मगरीचा जबडा खाड्‌कन मिटला!"

तेवढ्यात दारावर थाप पडली.

वरच्या मजल्यावरचा शेजारी बनियनवर उभा होता. तो बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला असे आणि दिवसा झोपे. झोपायचा म्हणजे, या आठवड्यापर्यंत झोपायचा. त्याच वेळी, त्या दिवशी लवकर सुटलेली आईही जिना चढून आली.

"ताई, चार दिवस झाले, डोळ्याला डोळा नाही! माणसानं झोपायचं कधी? घर आहे की सर्कस?"

आई ओशाळली. तिनं त्याची माफी मागितली आणि तो गेल्यावर लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "राणी, यापुढे मनातल्या मनात वाच हं." मनातल्या मनात वाचलेलं आजोबांना कसं ऐकू जाणार? कुजबुजनं पुस्तक मिटून दप्तरात टाकलं. आजोबा विचारत राहिले, "अगं, मिटला, मग?" तिनं नुसती मान हलवली.

शुक्रवारी तिनं पुस्तक खोक्यात ठेवलं तेव्हा बाईंनी विचारलं, "संपलं का गं?"

"नाही," ती पूर्वीच्याच आवाजात म्हणाली. बाईंना कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. "वरच्या काकांची झोप मोडते."

बाईंना फार वाईट वाटलं. आपण मुलांना उत्साहानं काहीतरी सांगावं आणि ते अंगाशी मात्र त्यांच्या यावं, हे त्यांना चांगलंच लागलं.

सोमवारी मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात एक दांडगा माणूस येऊन उभा राहिला. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. "दुसरीच्या बाई तुम्हीच का? मी त्या मुलीच्या वरच्या मजल्यावर राहतो."

बाईंनी पदर सावरला आणि सगळा दोष अंगावर घेतला. "चूक माझी आहे. मीच मुलांना मोठ्यानं वाचायला लावलं. तुमच्या झोपेचं खोबरं झालं, मला माफ करा."

"झोपेचं राहू द्या हो," तो दाराबाहेर नजर टाकून हळूच म्हणाला. "त्या पक्ष्याचं काय झालं?"

"कुठल्या पक्ष्याचं?"

"मगरीच्या तोंडातल्या! जबडा मिटला ना! तीन दिवस झाले, घरात सगळं सामसूम, तरी मला झोप नाही. डोळे मिटले की पक्षी आत फडफडतोय. पोरीला जिन्यात विचारायला गेलो तर ती मला बघून पळाली. मेला का तो?"

बाईंनी हसू दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण जमलं नाही. तोही मग हसला, जरा लाजून. बाईंनी खोक्यातून पुस्तक काढलं. त्यानं हात पुढे केला, तसं त्यांनी ते मागे घेतलं.

"असं नाही मिळायचं. ऐकायचं असेल तर तिच्याकडूनच. आणि तिला तुम्ही स्वतः सांगायचं."

त्या संध्याकाळी, त्याची पाळी सुरू व्हायच्या आधी, बाई पुस्तक घेऊन त्या घरी गेल्या. आई नुकतीच येऊन बसली होती. रात्रपाळीवाला काका दाढी करून, कामाचे कपडे घालून आला आणि कुजबुजसमोर खाली बसला. "माझं चुकलं बघ. आता रोज याच वेळेला वाच. तेव्हा मी जागा असतो. हवं तेवढं ओरड."

कुजबुजनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "वाच, मलाही ऐकू दे. मला तर सुरुवातही माहीत नाही."

मग सुरुवातीपासूनच वाचणं आलं. काकाची चुळबुळ चालली होती, पण हत्ती पाण्यात पडला तेव्हा तोही आजोबांच्या बरोबरीनं हसला. दाराशी खालच्या मजल्यावरची माणसं येऊन थांबली. शिंक आली, जबडा मिटला. कुजबुजनं पान उलटलं, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि मुद्दाम पाणी प्यायला उठली.

"ए बाई, जीव घेतेस का!" काका ओरडला.

पक्षी मेला नव्हता. त्यानं आतून मगरीच्या टाळूला अशा काही गुदगुल्या केल्या की मगर खदखदून हसली, जबडा उघडला आणि पक्षी दात घेऊन भुर्रकन बाहेर आला.

"छट्!" आजोबा म्हणाले. "मगरीला गुदगुल्या होतात होय? त्यानं दुसरी शिंक यायची वाट बघायला हवी होती."

"अहो, तोवर गुदमरला असता ना आजोबा!" काका त्यांच्या कानाशी ओरडला. "गुदगुल्याच बरोबर आहेत."

"तिच्या पोटातून जायचं नि मागून निघायचं," दाराशी कुणीतरी सुचवलं, आणि एकच हशा पिकला.

"गप्प बसा सगळे!" कुजबुज पुस्तक उंच धरून कडाडली. "अजून एक पान आहे!"

सगळे गप्प बसले. काकाला पाळीला उशीर होत होता, पण तो काही उठला नाही.