आवडाबाईची पाऊणकी

कोपरीची आवडाबाई मिठागरावर कामाला जाई आणि सुट्टीच्या दिवशी ट्रेनिंग कॉलेजच्या कुंपणामागच्या ओहोळात चिंबोऱ्या, मोठाले खेकडे, धरी. ओहोळ लहानसाच, पण खाडीचा असल्यामुळे भरती आली की फुगायचा. कॉलेजातल्या, मास्तरणी व्हायला आलेल्या मुली फळीवरून तो ओलांडून पलीकडच्या शाळेत पाठ द्यायला जात.

त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. साडेदहालाच फळी पाण्याखाली गेली. साताऱ्याकडची मालन काठावर पाठाचं टाचण लिहिलेली वही छातीशी धरून रडवेली उभी होती.

"अकराला परीक्षेचा पाठ आहे हो माझा. तपासायला साहेब आलेत."

"मंग रडतंस कशाला? चढ पाठीवर," आवडाबाई म्हणाली.

मालन संकोचली, मग चढली. कमरेइतक्या पाण्यातून आवडाबाईनं तिला पलीकडे नेलं आणि लुगडं पिळत शाळेच्या ओटीवर बसली. पोरगी कशी शिकवते ते ऐकावं, एवढंच तिच्या मनात.

पाठ नदीवर होता. नदी उगमाकडून मुखाकडे वाहते, असं मालननं सांगितलं तसा एक मुलगा उठला. "बाई, आपला ओहोळ कधी खाडीकडं जातो नि कधी उलटा येतो. तो असा का?"

समुद्र मालननं आयुष्यात पाहिला नव्हता. मागे बसलेल्या साहेबांनी पेन्सिल उचलली. मालन दाराशी आली नि ओटीवरच्या आवडाबाईला म्हणाली, "मला नाही येत हे. तुम्ही सांगाल का मुलांना?"

आवडाबाई दारातच उभी राहिली. आत यायला पाय ओले होते.

"खारीचं पानी चढतं, ते ओहोलात घुसतं," ती म्हणाली. "पन रोज एका वक्ताला नाय. अवसेला दुपारी बाराला भरतं. मंग पाडव्याला पाऊण, बीजेला दीड, तिजेला सव्वादोन..."

"ही तर पाऊणकी! पाऊण एके पाऊण, पाऊण दुणे दीड," एक मुलगी म्हणाली. आणि रोज पाढे घोकणारा तो वर्ग एका सुरात पुढे म्हणू लागला, चवथीला तीन, पंचमीला पावणेचार. आवडाबाई थक्क होऊन ऐकत राहिली. आजानं शिकवलेला तिचा हिशेब या पोरांना आधीच पाठ होता.

साहेबांनी शेरा लिहिला, 'पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. मुलांना समजला.' मालन पास झाली, मोहन्याच्या शाळेत नोकरीला लागली. जाण्याआधी ती कोपरीला येऊन आवडाबाईच्या पाया पडली, आणि आवडाबाईनं तिला चिंबोरीचं कालवण खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

शाळेतली पोरं मात्र तेव्हापासून ती ओहोळाकाठी दिसली की हात जोडून तिला "नमस्ते बाई" म्हणू लागली. आवडाबाई त्यांच्यावर खेकसायची, मग पाठ वळवून पदर नीट करायची.