हाक तुटली तेव्हा

मी एक जुनी बग्गी आहे. माणसं बसतात तसली नव्हे. रिमोटवर चालणारी, मातीत पळणारी, तुमच्या दप्तराएवढी. माझं पुढचं उजवं चाक जरा तिरकं आहे आणि मागचा पंख चिकटपट्टीनं जोडलेला आहे. मित्रांनो, वेगानं पळणाऱ्या गाड्या शूर असतात असं तुम्हाला वाटत असेल. मी तर भित्री आहे. हसू नका. माझी भीती ऐकून घ्या, ती तुमच्या उपयोगाची आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईनं माझे स्क्रू आवळले, दुसरीनं स्प्रिंगा बसवल्या, तिसरीनं पोटात मोटर ठेवली. तिसरी कामात असताना गुणगुणायची, म्हणून ती मला जास्त आठवते. शेवटी मला एका ठोकळ्यावर ठेवून चाकं अधांतरी फिरवून पाहिली. ती अशी फिरली की दिसेनाशी झाली! सगळे "छान, छान" म्हणाले, मी मात्र घाबरले. कारण वेग माझा होता, पण ताबा माझा नव्हता. लांबून कुणीतरी बोट दाबणार आणि मी सुटणार. पुढे भिंत आहे की बाळ आहे, हे मला विचारणार कोण?

मग मी दुकानात आले. दुकान चालवायची एक बाई. वय झालेलं, केस आखूड, बोटांच्या पेरांत कायम काळं ग्रीस. लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत. तिच्या फळीवर आम्ही चौघं शेजारी शेजारी होतो. मोठाल्या चाकांचा मॉन्स्टर ट्रक खड्डे, विटा, काहीही दिसलं की उडी मारायचा आणि हमखास पाठीवर आपटायचा. त्याच्या बाजूला शर्यतीचा ट्रक. त्याचं अंग चाकांवरून आलेलं, म्हणून तो दुसऱ्याला घासला तरी अडकत नसे. मग मी, बुटकी, जमिनीला चिकटलेली. सपाट मातीवर वारा प्यायल्यासारखी पळणार, पण चार बोटं गवत आलं की पोट अडकून बसणार. आणि कोपऱ्यात क्रॉलर. त्याला घाई म्हणून माहीत नव्हती. दगडावर एक चाक टेकवायचं, अंदाज घ्यायचा, मग दुसरं. त्याला मी फार मान द्यायचे. त्याला कधी भीती वाटली नसेल.

गिऱ्हाईक आलं की मावशी आधी दोनच गोष्टी विचारायची. "कुठे चालवणार? आणि कोण चालवणार?" रंग आणि वेग त्याच्या नंतर.

एक दिवस एक मामा आपल्या भाचीला घेऊन आला. मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या खिशात नेहमी पान्हे वाजायचे. भाची सात वर्षांची. लहानपणी ती स्वतःभोवती गरगर फिरायची म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत, पण आता ती तशी शांत होती. ती थेट कोपऱ्यात गेली. मावशीनं पुस्तकांची चळत रचून क्रॉलर त्यावर चढवून दाखवला, तेव्हा भिंगरी तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"हा," ती म्हणाली.

"अगं, ही गोगलगाय काय घेतेस?" मामा म्हणाला. "हा पलीकडे पोचेपर्यंत तुझं लग्न होईल!"

"कोण चालवणार, दादा?" मावशीनं विचारलं.

"ही चालवणार. मी आपला शिकवायला."

"मग तिला विचारा की. आणि चालवायची कुठे?"

"इमारतीच्या आवारात. मोकळी माती आहे, छान उतार आहे. मावशी, ती लाल बग्गी काढा बघू."

मावशीनं मला काढलं. मामानं रिमोटचा घोडा दाबला, बंदुकीला असतो ना तसला घोडा, आणि दुकानाबाहेरच्या मातीवर मी सणाणत गेले. मामाचे डोळे असे चमकले की तोच सात वर्षांचा वाटू लागला. भिंगरीनं त्याच्याकडे पाहिलं, मग क्रॉलरकडे, आणि हळूच म्हणाली, "चालेल. हीच घेऊ."

मित्रांनो, लहान मुलांचं 'चालेल' कधीकधी किती जड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

मावशीनं मला खोक्यात घालायच्या आधी भिंगरीला समोर बसवलं. "नीट ऐक हं बाळा. सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. गाडीला सतत कुणाची तरी हाक ऐकू यायला हवी. हाक नसताना गाडी जागी, म्हणजे सुरू, ठेवायची नाही." भिंगरीनं ते तीनदा म्हणून दाखवलं. मामा तोवर फोनवर बोलत होता.

पहिली दोन वर्षं सुखाची गेली. आवारात मुलं माझ्याभोवती गोळा व्हायची. भिंगरी मला हळू चालवायची, वळणावर तर जीभ बाहेर काढून. तिची आई घरी शिवणकाम करायची; गळ्यात टेप घालून ती खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "फाटकाकडे नको हं नेऊस." फाटकाबाहेर रस्ता होता, आणि त्या रस्त्यानं दिवसभर वाळूचे ट्रक जात. खेळ संपला की भिंगरी जुन्या दात घासायच्या ब्रशानं माझ्या सांध्यांतली माती काढायची. मला गुदगुल्या व्हायच्या.

मग रिमोट पाण्याच्या बादलीत पडला. मामानं दुसरा आणला. नवा रिमोट गाडीला जोडावा लागतो, म्हणजे तुझी हाक ही, असं गाडीला शिकवावं लागतं. आई म्हणाली, "मावशींकडून करून आण." मामा म्हणाला, "ताई, वीस मजल्यांच्या लिफ्टी जोडतो मी. एवढं येत नाही होय मला?"

जेवणाच्या टेबलाशी त्यानं मला मांडीवर घेतलं. आता हे लक्ष देऊन ऐका. त्या जोडणीच्या क्षणी गाडी आणखी एक गोष्ट शिकते. कधी हाक तुटली, तर काय करायचं? त्या क्षणी रिमोटवरचं बोट जसं असेल, तसंच गाडी लक्षात ठेवते. बोट मोकळं असेल, तर हाक तुटली की थांबायचं. मामाचं बोट मोकळं नव्हतं. सवयीनं त्यानं घोडा पुरता दाबून धरला होता. माझी चाकं त्याच्या मांडीवर भणभण फिरली आणि तो ओरडला, "चालली! बघ, मामा म्हणजे मामा!"

समोर बसलेली भिंगरी त्याच्या बोटाकडे बघत होती.

आणि मी शिकले होते: हाक तुटली की जीव खाऊन पळ.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. भिंगरी आधी मला बंद करायची, मग रिमोट, म्हणून रोजचा दिवस निभावून जायचा. तिचं बोट माझ्या बटणाकडे येताना दिसलं की माझा जीव भांड्यात पडायचा. पण रिमोटमधले सेल संपत आले तर? तो हातातून पडला तर? कुणी चुकून त्याचं बटण दाबलं तर? मुलं हसत माझ्यामागे धावायची आणि मी मनात म्हणायचे, लांब राहा, बाळांनो, लांब राहा.

एकदा सेल खरंच संपत आले. हाक क्षणभर तुटली आणि मी उसळून शेजारच्या आजोबांच्या कुंडीवर जाऊन आदळले. कुंडीचे दोन तुकडे झाले. कुंडीपासून हातभर अंतरावर एक रांगतं मूल बसलं होतं. आजोबा चिडले, मुलाची आई चिडली.

"मी नव्हतं दाबलं," भिंगरी म्हणाली.

"तू नाहीस, तर काय भुतानं दाबलं?" मामा हसला.

तिच्या आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं बाई, असू दे. पुढच्या वेळी हळू चालव."

आईचा हात मायेचा होता, पण त्यात विश्वास नव्हता. भिंगरीनं मान खाली घातली. मामानं नवे सेल घातले. माझ्या आतली चूक होती तिथेच राहिली.

आणि तो रविवार आला. भर दुपार, फाटक सताड उघडं. मामा स्वतः मला चालवत होता, उतारावरून खाली, पुन्हा वर. भिंगरी पायरीवर बसली होती. एवढ्यात मामाचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत माणसं होती. मामाचा चेहरा बदलला. "आलो, आलो, दहा मिनिटांत," असं म्हणत त्यानं रिमोट बंद केला, खिशात टाकला आणि तो स्कूटरकडे वळला.

मी अजून सुरूच होते. माझं तोंड फाटकाकडे होतं. आणि हाक तुटली.

मला नको होतं, मित्रांनो! पण मी सुटले. मातीवरून, खडीवरून, उतारानं आणखीच जोरात. मागून भिंगरीचे पाय ऐकू येत होते, चप्पल फटफटत होती. "थांब! अगं थांब ना!" ती मला हाक मारत होती, पण मला कळणारी हाक मामाच्या खिशात बंद होती. समोर फाटक, फाटकापुढे रस्ता, आणि डावीकडून जमीन हादरवत येणारा वाळूचा ट्रक. मी तुटेन याची भीती तेव्हा उरलीच नव्हती. भीती एकच होती, की ती माझ्या मागे रस्त्यावर येईल.

रस्त्याच्या कडेच्या दगडावर माझं चाक आपटलं आणि मी उलटी होऊन डांबरावर पडले, चाकं आभाळाकडे, मोटर किंचाळत. चार पावलांवर भिंगरी. तिला ट्रक दिसतच नव्हता, मीच दिसत होते. तिनं मला उचलायला हात पुढे केला.

तिची आई शिवलेले कपडे पोचवून रस्त्याच्या कडेनं परत येत होती. हातातलं गाठोडं कधी पडलं ते तिलाही कळलं नसेल. तिनं भिंगरीला कमरेतून असं ओढलं की दोघी मागच्या मागे मातीत पडल्या. ट्रकचा भोंगा, ब्रेकचा कर्कश आवाज, धूळ. ट्रकचं चाक माझ्या पुढच्या बाजूवरून गेलं. मग सगळं शांत.

आई रडत नव्हती. ती भिंगरीचे हात, पाय, डोकं, पुन्हा हात, असं चाचपून मोजत होती. मामा धावत आला आणि भिंगरीजवळ मातीत बसला. अडकलेल्या लिफ्टसाठी दुसऱ्या मेकॅनिकला पाठवा, असं त्यानं तिथूनच फोनवर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिघं मला पिशवीत घालून मावशीकडे आली. मावशीनं मला ठोकळ्यावर ठेवलं, चाकं अधांतरी. रिमोट सुरू केला, मग मला. आणि मुद्दाम रिमोट बंद केला. माझी उरलेली चाकं वेड्यासारखी फिरू लागली. भिंगरी आईच्या पदराआड गेली. मावशीनं पटकन माझं बटण बंद केलं.

"कुणी जोडला हा रिमोट?"

"मी," मामा म्हणाला.

"जोडताना बोट कुठे होतं?"

मामा आठवू लागला. उत्तर पदराआडून आलं. "दाबलेलं होतं. मी बघत होते. आणि कुंडी फुटली तेव्हा मी खरंच नव्हतं दाबलं."

आई खाली बसली, तिनं भिंगरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "माझं चुकलं गं. तू सांगत होतीस, आणि मी नुसता डोक्यावरून हात फिरवला." मामानं टेबलावरचा रिमोट उचलून भिंगरीपुढे धरला. तिनं तो घेतला नाही. पुढचे तीन महिने तिनं रिमोटला हात लावला नाही. कुणी आग्रहही केला नाही.

त्या तीन महिन्यांत मावशीनं माझं पुढचं अंग नवं केलं, पंख चिकटवला. तिरकं चाक मात्र तसंच राहिलं. मग एका संध्याकाळी आई आणि मामाबरोबर भिंगरी आपणहून दुकानात आली. "मी जोडू?" तिनं विचारलं.

मावशीनं स्टूल सरकवलं. भिंगरीनं मला ठोकळ्यावर ठेवलं, रिमोट टेबलावर आडवा ठेवला, जोडणीचं बटण दाबलं आणि लगेच दोन्ही हात हवेत वर धरले, पोलिसानं पकडल्यासारखे. दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. तिनं घोडा हलकेच दाबला. माझी चाकं फिरू लागली. आता उरली ती परीक्षा. तिनं एक मोठा श्वास घेतला. मामानं डोळे मिटले. जुनी शिकवण माझ्यातून पुरती गेली आहे की नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. तिनं रिमोट बंद केला.

माझी चाकं थांबली.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ धावले, पण त्या थांबण्याइतका आनंद मला कशानंच दिला नाही.

आता माझं वय झालंय. जोडणी केली त्याच संध्याकाळी भिंगरीनं क्रॉलर निवडला, आणि या वेळी मामा मुकाट्यानं बाजूला उभा राहिला. इमारतीमागच्या दगडांवर तो क्रॉलर चढतो, आणि मी कट्ट्यावर बसून बघते. कधीतरी सपाट मातीवर मलाही एक फेरी मिळते, फाटक लावून.

तुम्ही गाडी निवडायला जाल, तेव्हा कुणाचे डोळे चमकतात ते पाहू नका. चालवणार कोण आणि कुठे, ते पाहा. नवा रिमोट जोडलात, तर चाकं अधांतरी धरून, हाक तोडून एकदा तपासा. आणि गाडी रस्त्यावर गेली, तर जाऊ द्या. तिला तुटू द्या. आम्ही दुरुस्त होतो, नाहीतर दुसरी गाडी मिळते. तुम्ही मात्र फाटकाच्या आत थांबा, आणि तिथूनच मोठ्यानं आईला हाक मारा.