गुरुवारचं बोलणं

अनसूयाबाईंचा पॉडकास्ट गुरुवारी रेकॉर्ड व्हायचा होता, आणि सोमवारीच तो अख्ख्या कराडने ऐकला. दूधवाला म्हणाला, "शेवटी बहिणीची माफी मागितलीत ना, तिथं डोळ्यांत पाणी आलं बघा." चाळीस वर्षं तालुक्याची बाळंतपणं केलेल्या बाई, त्याच अनुभवांवर बोलायला त्यांना बोलावलं होतं. ज्येष्ठमध चघळत त्यांनी वहीत चार मुद्दे काढले होते. माफीचा मुद्दा त्यात नव्हता.

त्यांनी स्वतः फोनवर लावून पाहिलं. त्यांना नुसती पंख्याची घरघर ऐकू आली.

मंगळवारी धाकटी बहीण हिरा बेळगावहून आली, नऊ वर्षांनी. आई गेली तेव्हा हिरा वाटेत होती, आणि अनसूयाबाईंनी तिच्यासाठी न थांबता आईला अग्नी द्यायला लावला होता. "चार तास थांबली नाहीस," एवढंच बोलून हिरा तेव्हा परत गेली होती. आज ती सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि झुणक्यासाठी कांदा चिरू लागली. बाईंनी आनंदाने बेसनाचा डबा तिच्यापुढे ठेवला.

"मी नेमकं काय बोलले गं?"

"अक्का, बोललीस तू, आणि मला काय विचारतेस?"

गुरुवारी तेच शब्द तोंडून आले नाहीत तर हिरा आलीच नव्हती असं होणार, हे बाईंना कळून चुकलं. फळ हाती आलं आणि झाड लावायचं राहिलं, अशातली गत.

त्या न्हाणीघरात सराव करू लागल्या. "हिरा, परिस्थितीच तशी होती," म्हणून बाहेर आल्या, तर हिरा स्वयंपाकघरातून सोप्यात सरकली होती. हातात तोच कांदा. "सगळे म्हणाले, उशीर नको," यावर ती अंगणात गेली. "चुकलंही असेल माझं," म्हटल्यावर फाटकाबाहेर उभी राहून चिरू लागली. रागावलेली मुळीच दिसत नव्हती. बाईंनी सराव सोडला आणि तिचं ताट फाटकाबाहेर नेऊन दिलं.

गुरुवारी हिरा वीस पावलं मागे चालत स्टुडिओपर्यंत आली आणि काचेपलीकडच्या खोलीत बसली. त्या खोलीचं दार बोळात उघडत होतं. बोळाच्या एका टोकाला जिना होता, दुसऱ्या टोकाला हा स्टुडिओ.

मुलाखत घेणाऱ्या ओजसने बाईंना हेडफोन दिले आणि स्वतःचेही चढवले. "ताई, पहिलं बाळंतपण आठवतं?"

बाईंनी वही मिटली.

"आईजवळ शेवटी मी एकटीच असावी, असं मला वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हणून थांबले नाही."

काचेपलीकडे हिरा उठली आणि दार उघडून बाहेर पडली. हेडफोनमध्ये बाईंना बोळातली पावलं ऐकू येऊ लागली.